कोंबड्या डालल्या का?

"कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही" ही म्हण शाळेत सगळ्यांनीच लिहिली असणार. आमच्या वर्गातल्या बहुतेक मुलींनी कोंबडं झाकतात म्हणजे नक्की काय करतात हे कधी पाहिलेलं नव्हतं. हिंदू कॉलनीत नाहीतर शिवाजी पार्कात कोण कशाला कोंबडं झाकतंय? मी मात्र रोज पाहायचे, दिवेलागणीला. बांबूचं मोठं डालगं उपडं घालायचं, खाली कोंबडा, वर दगड. याला म्हणायचं 'डालणं'. आणि ते करण्यामागे पहाट लपवायचा वगैरे काही बेत नसायचा. भीती असायची ती रात्रीची.

(जाता जाता एक गंमत. जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली दाखवून दिलं की कोंबड्यांना सतत मंद उजेडात ठेवलं तरी ते आपल्या ठरल्या वेळेच्या आसपासच आरवतात, कारण घड्याळ त्यांच्या अंगातच असतं. म्हणजे आपल्या म्हणीला आता शास्त्राचाही पाठिंबा आहे. असो.)

"दादरला कोंबड्या?" असं विचारणारी मंडळी असतातच. दादरचे पक्षी म्हटलं की लोकांना कबुतरंच आठवतात, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये महापालिकेने कबुतरखान्यावर ताडपत्री घातल्यापासून तर त्याशिवाय दुसरं बोलणंच नव्हतं. पण दादर पश्चिमेला वाड्या होत्या हो. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली, सुधार ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने पूर्वेकडे सरळ रस्ते आखून कॉलन्या वसवल्या. पश्चिमेला पोर्तुगीज चर्चच्या (ते १५९६ चं!) आसपास मात्र माड, जांब, विहिरी, कौलारू घरं असं सगळं पुढे कितीतरी वर्षं तसंच राहिलं होतं. आमची वाडी त्यातलीच. पुढे गोखले रोडवर बस धावतेय, मागे परसात कोंबड्या उकिरडा उकरतायत, याचं तेव्हा कुणालाच नवल वाटायचं नाही.

कोंबड्या मोठ्या काकीच्या. १९५९ साली लग्न होऊन ती केळव्याहून आली, आणि पुढच्याच वर्षी माहेराहून दोन तलंगा घेऊन आली. तेव्हापासून १९९३ मध्ये वाडी पाडेपर्यंत आमच्या परसात कोंबड्या नाहीत असा दिवस नव्हता. कधी पाच, कधी बारा.

आता शहरात कोंबड्यांना रात्री कसला धोका, असं वाटेल. तर ऐका.

पहिली घूस. उंदराची थोरली बहीण म्हणून सोडून देऊ नका. किलोभर वजनाचं जनावर, अंगावरचे केस फिस्कारून गुरगुरतं आणि मातीतून बोगदा काढत बरोबर खुराड्याच्या मध्यभागी वर येतं. इंग्रजीतला 'बँडिकूट' हा शब्द तेलुगूतल्या 'पंदिकोक्कु'वरून, म्हणजे 'डुक्कर-उंदीर' यावरून आलाय. ज्याने हे नाव ठेवलं त्याने घूस नक्की जवळून पाहिली असणार. घुशीला अंडी आणि पिल्लं हवी असतात. मी लहान असताना एका पावसाळ्यात एका रात्रीत सात पिल्लं गेली. कोंबडी जिवंत होती, पंखांखाली काहीच नव्हतं, आणि जमिनीत मुठीपेक्षा मोठं भोक. दुसऱ्या दिवशी काकीने काकांना न विचारता, अंगणात कपडे धुवायची शहाबादी फरशी उचलून खुराड्याखाली घातली. पुढचे पंधरा दिवस आमच्या घरात कपडे कुठे धुवायचे यावर महाभारत चाललं होतं. फरशी काही परत आली नाही.

दुसरा बोका. तो काय, सगळीकडेच असतो. तिसरं उदमांजर, ज्याला तळकोकणात कांडेचोर म्हणतात. ते कौलांवरून यायचं. खरं म्हणजे ते फळं खाणारं जनावर, आमच्या जांबांवर त्याचा मुख्य डोळा, पण वाटेत पिल्लू मिळालं तर नको म्हणत नाही. त्याच्या पायांचा आवाज रात्री कौलांवर ऐकू आला की आम्ही पोरं पांघरुणात शिरायचो आणि काकी कंदील घेऊन बाहेर यायची.

मुंगसाचं नाव मात्र उगाच रात्रीच्या चोरांत घेतलं जातं. मुंगूस दिवसाचं जनावर. म्हणून काकी पहाटे कोंबडा कितीही ओरडला तरी नीट उजाडल्याशिवाय खुराडं उघडायची नाही. आणि घुबड! माडाच्या पोकळ खोडात एक पांढऱ्या तोंडाचं गव्हाणी घुबड होतं. शेजारच्या आजींना वाटायचं ते पिल्लं नेतं, आणि शिवाय अपशकुनी. काकी त्याला हाकलू द्यायची नाही. ते उंदीर खातं नि लहान घुशीही उचलतं, हे तिने पाहिलं होतं.

शिवाय दोन पायांचा चोर. तो वर्षातून एकदाच यायचा पण नेमाने यायचा, आषाढी अमावास्येला. त्या रात्री अर्ध्या घरांत दिव्यांची पूजा असते आणि उरलेल्या अर्ध्यांत गटारी :) श्रावण लागायच्या आत कुणाच्या तरी ताटात आमची कोंबडी जाऊ नये म्हणून त्या रात्री सगळी डालगी थेट स्वयंपाकघरात. आम्ही जेवायला बसलोय आणि पाठीमागे डालग्यातून क्क् क्क् असा आवाज येतोय. जेवणात अर्थातच कोंबडीच. त्यातला विनोद तेव्हा कळायचा नाही.

या सगळ्यांविरुद्ध काकीचं शस्त्र म्हणजे तिचं खुराडं. जुन्या दाराच्या सागवानी फळ्या, खाली विटा, विटांवर ती इतिहासप्रसिद्ध फरशी. पुढच्या पट्ट्यांमध्ये फट किती ठेवायची याचं तिचं माप होतं: करंगळी जावी, अंगठा जाऊ नये. आज ज्यांना परसात कोंबड्या ठेवायच्या आहेत त्यांनी हे माप लिहून ठेवा. बाजारात 'कोंबडीची जाळी' म्हणून जी षटकोनी भोकांची पातळ तारेची जाळी मिळते, ती कोंबडीला आत ठेवते, पण बाहेरच्याला बाहेर ठेवत नाही. मोठ्या भोकांतून पंजा आत जातो, आणि कोंबडी जाळीला टेकून बसलेली असली की जेवढी हाताला लागेल तेवढी ओढून काढतो. हे एकदा पाहिलं की माणूस आयुष्यभर अर्ध्या इंचाची वेल्ड केलेली जाळीच घेतो. जमीन मातीची असेल तर तीच जाळी खाली फूटभर पुरून बाहेरच्या बाजूला वळवायची. उकरणारं जनावर भिंतीला लागूनच उकरतं, दोन पावलं मागे जाऊन उकरायचं त्याला सुचत नाही.

आत आडवी काठी हवी, उंचावर. कोंबडीची जात मुळात झाडावर झोपणारी. आपल्या सह्याद्रीतला राखाडी रानकोंबडा असो की सगळ्या पाळीव कोंबड्यांचा मूळपुरुष तो तांबडा रानकोंबडा असो, रात्री दोघेही फांदीवर. कारण अंधार पडला की कोंबडीला जवळजवळ काही दिसत नाही. मंद उजेडात पाहायला लागणारी डोळ्यातली व्यवस्थाच तिच्याकडे तोकडी. दिवसा जिला पकडायला चार पोरं लागतात ती रात्री हाताने उचलून घ्या, हूं की चूं नाही. आपल्याला जे सोपं ते चोरालाही सोपं.

आणि कडी. नुसता आकडा नको, त्यात खुंटी घालायची.

हे सगळं सांगितलं खरं, पण या सगळ्याचा उपयोग संध्याकाळी कुणीतरी जाऊन ती कडी लावली तरच. आणि तिथेच काकीची गोष्ट सुरू होते.

कोंबड्या संध्याकाळी आपापल्या परत येतात. त्यांना कुणी हाकत नाही. उजेड कमी झाला की एकेक करत खुराड्यात शिरतात. जानेवारीत मुंबईचा सूर्य सव्वासहाच्या सुमाराला मावळतो, जूनमध्ये सव्वासातच्याही पुढे, आणि त्याप्रमाणे त्यांची वेळ सरकते. शिरल्या की पाच-दहा मिनिटं जागेवरून भांडणं, मग शांतता. त्या शांततेत काकी आत हात घालायची आणि पाठीवरून हात फिरवत मोजायची. एक, दोन, तीन... बघायची नाही, मोजायची. मग फळी, कडी, खुंटी. मग देवाजवळ दिवा. हा क्रम तेहेतीस वर्षं बदलला नाही.

म्हणजे तेहेतीस वर्षं काकी दिवेलागणीला घरीच होती.

आमच्या घरच्या वाचकांना हे ठाऊक आहे, त्यांनी पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल. (पण वाचाच.) काकी कुणाच्या लग्नाला आदल्या रात्री गेली नाही. सकाळी जायची, मुहूर्ताला अक्षता टाकायची, पहिल्या पंगतीला बसायची आणि दुपारच्या गाडीने परत. केळव्याला सख्ख्या भावाचं लग्न होतं तेव्हाही केळवे रोडहून दुपारची गाडी पकडून, विरारला गाडी बदलून सहाच्या आत दादरला. सगळं घर दोन दिवस वऱ्हाडात, नि ही एकटी परसात वाकून मोजतेय. गणेशोत्सवात रात्री लालबागला गणपती बघायला सगळे जायचे तेव्हा मात्र ती यायची, कारण ते रात्री जेवणं झाल्यावर. "आता काय, खुंटी लागली," असं म्हणून चपला घालायची.

घरात हा थट्टेचा विषय होता. "काकीला कोंबड्यांनी डालून ठेवलंय" हे माझ्या वडिलांचं वाक्य. सगळे हसायचे, तीही हसायची. पण "वहिनी, आज तू राहा, मी मोजतो" असं ना माझे वडील म्हणाले, ना काका. तसं ते काम पाच मिनिटांचं होतं. दादाला, म्हणजे काकीच्या मुलाला, चौदाव्या वर्षी सायकलची चेन बसवता यायची, रेडिओ उघडून परत जोडता यायचा. खुराड्यात हात घालायचा म्हटलं की घाण वाटायची. आम्हा मुलींना शिकवलं असतं तर आम्ही केलं असतं, पण काकीने आम्हालाही कधी शिकवलं नाही. का, ते मला बरीच वर्षं कळत नव्हतं. आता वाटतं, एकदा का हात शिकला की तो हात अडकतो, हे तिला माहीत होतं. की कोंबड्या ही तिची सबबही होती? आमच्याकडच्या काही नातेवाइकांकडे राहण्यापेक्षा दुपारची गाडी बरी, हे मीही मान्य करीन. (नावं सांगणार नाही. तेही हे वाचतात.)

१९९३ साली वाडी पाडली. कोंबड्या वाटून टाकल्या. काकी आयुष्यात पहिल्यांदा माहेरी राहायला गेली, आणि राहिली ती अकरा दिवस. परत आली तेव्हा आम्हाला वाटलं, काय काय सांगेल! तिने दोनच गोष्टी सांगितल्या. भावाच्या घरी पाण्याला अजून गोडी आहे. आणि वहिनीच्या खुराड्याची फट फार मोठी आहे.

आता अलीकडची गोष्ट, जिच्यासाठी हे लिहायला बसले.

दादा निवृत्त झाला आणि त्याने केळव्याला आजोळच्या शेजारी छोटं घर बांधलं. शुक्रवारी जायचं, सोमवारी दादरला यायचं. नारळ, केळी, आणि अकरा कोंबड्या. काही गावठी, काही गिरिराज. वाडी राखायला एक माणूस. खुराडं दादाने स्वतः आखलेलं, इंजिनिअरच तो, लोखंडी चौकट, अर्ध्या इंचाची जाळी, खाली काँक्रीट. काकीच्या खुराड्यात जे जे नव्हतं ते सगळं होतं.

गेल्या जानेवारीत एका मंगळवारी सकाळी राखणदाराचा फोन. अकरातल्या नऊ मेल्या. खाल्लेली जेमतेम एक. बाकीच्यांच्या मानेला नुसते दात. दोन कोपऱ्यात जिवंत. जाळी शाबूत, काँक्रीट शाबूत, दाराला बाहेरून कडी.

गावात तीन मतं पडली. एक, भुताटकी. दोन, कुणीतरी दादावर सूड उगवला. तीन, बिबट्या. पालघर जिल्ह्यात बिबटे आहेत हे खरं, पण बिबट्या कडी लावून जात नाही. दादा संतापला होता. त्याला कळत नव्हतं की एक खायची तर नऊ मारायच्या कशाला. "हे भुकेचं नाही, हा माज आहे," म्हणाला. पिंजरा, फासा, विष, सगळं बोलून झालं.

मी त्या दिवशी काकीकडेच होते. ती आता सत्त्याऐंशी वर्षांची आहे, त्याच जागेवर उभ्या राहिलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहते. गुडघे गेले, कान मात्र शाबूत. दादाचा फोन मी स्पीकरवर टाकला. काकीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं,

"कडी किती वाजता लावली?"

"आई, कडी लागलेलीच होती. तो प्रश्नच नाही."

"किती वाजता?"

दादाने राखणदाराला विचारलं. टीव्हीवरची मालिका संपल्यावर. म्हणजे साडेआठ.

"जानेवारीत? सहाला दिवस बुडतो. अडीच तास दार उघडं होतं." मग थोडं थांबून, "मोजल्या होत्या?"

मोजल्या नव्हत्या. टॉर्च मारून पाहिलं, सगळ्या बसलेल्या दिसल्या, कडी लावली.

"मग चोर आतच होता. तुम्ही त्याला बरोबर कोंडलात."

फोनवर शांतता. मग मागून राखणदाराचा आवाज ऐकू आला. सकाळी दार उघडलं तेव्हा पायातून काहीतरी सटकन गेलं होतं. अंधुक होतं, त्याला मांजर वाटलं. शेपटी? शेपटी लांब होती, आणि हो, शेपटीवर काळेपांढरे पट्टे होते.

जवादी मांजर. उदमांजराचं भावंडच, पण हे झाडापेक्षा जमिनीवर जास्त वावरणारं. उंदीर, बेडूक, किडे, पडलेली फळं, मिळेल ते खातं, आणि उघडं खुराडं दिसलं तर आत जातं.

दादाच्या 'माजा'बद्दल मी नंतर थोडं वाचलं, ते सांगण्यासारखं आहे. हान्स क्रुक नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने १९७२ साली यावर लेख लिहिला होता. इंग्लंडच्या किनाऱ्यावर कुरव पक्ष्यांच्या वसाहती असतात. अगदी काळोख्या रात्री तिथले पक्षी घरट्यावरून उठतच नाहीत, आणि अशा रात्री तिथला लाल कोल्हा ढिगाने पक्षी मारतो, खातो मात्र थोडेच. त्याचं म्हणणं असं की शिकार करणं आणि खाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोट भरलं की शिकार शोधणं थांबतं, पण समोर फडफडणारं सावज आलं की जबडा मिटतोच. एरवी सावज पळून जातं आणि प्रकरण तिथेच संपतं. खुराड्यात सावजाला पळायला जागा नाही. दिसत नाही म्हणून आंधळेपणाने फडफडतं, आणि प्रत्येक फडफड म्हणजे नवं आमंत्रण. दादाच्या खुराड्यात तर चोरालाही पळायला जागा नव्हती. रात्रभर ते जनावर बाहेर पडायला बघत असणार आणि सभोवती पंख आपटतायत. जेवढी जाळी पक्की तेवढी ती रात्र वाईट.

तेव्हा फासा आणि विष हे विषय संपले. तसेही ते संपायलाच हवे होते. वन्यजीव संरक्षण कायदा (तोही १९७२ चाच) जवादी मांजराला संरक्षण देतो, आणि विष काय फक्त चोरच खातो का? कुत्रा खातो, घुबड खातं, शेजाऱ्याचं मांजर खातं.

कुणीतरी सुचवलं, कुत्रा ठेव. हेही जपून. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यातल्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचा आहार तपासला होता. वजनाच्या हिशेबात ८७ टक्के खाणं पाळीव जनावरांचं निघालं, आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के. म्हणजे बिबट्यांच्या मुलखात रात्री उघड्यावर बांधलेला कुत्रा हा पहारेकरी कमी आणि आमंत्रण जास्त. आरे कॉलनीतल्या आदिवासी पाड्यांवर मी पाहिलंय, संध्याकाळ झाली की कोंबड्या घरात, माणसं झोपतात त्याच छपराखाली. वाघोबाला नमस्कारही करतात आणि दारही लावतात.

मग आलं यंत्र. दादाची मुलगी, माझी पुतणी, सिॲटलला असते. तिच्या परसात चार कोंबड्या आहेत (त्या शहरात कोंबड्या चालतात, कोंबडा चालत नाही, शेजाऱ्यांची झोप!). तिथला रात्रीचा चोर म्हणजे रॅकून, ज्याला माणसासारखी बोटं असतात आणि साधी कडी तो उघडतो. म्हणून तिच्याकडे उजेडावर चालणारं दार आहे. अंधार झाला की आपोआप खाली येतं, उजाडलं की वर जातं. तिने तसंच एक बाबांना पाठवलं. सुंदर वस्तू. दादाने ते बसवलं, त्याचा व्हिडिओ काकीला दाखवला. काकीने दोनदा पाहिला.

"छान आहे. मोजतं का?"

"मोजत नाही, आई. पण वेळेवर बंद होतं."

"वेळेवर बंद होईल. पण आत कोण नि बाहेर कोण?"

यावर दादाकडे, सगळ्या इंजिनिअरांसारखं, कॅमेरा नावाचं उत्तर होतं. कॅमेराही बसला. कॅमेऱ्यात दिसलं की नव्या आणलेल्या आठांपैकी एक तलंग सहा वाजता खुराड्यात शिरते, काठीवरच्या जागेसाठी मार खाते, बाहेर येते, नि दार खाली येतं तेव्हा जांभळाच्या झाडाखाली उभी असते. रोज. दार तिची वाट बघत नाही. राखणदार तिला रात्री शोधून आत टाकायचा, म्हणजे दार पुन्हा उघडायचं, म्हणजे आपण होतो तिथेच.

तर आता असं झालंय की दादा केळव्यालाच असतो. सोमवारी परत यायचं बंद झालं. दादरच्या घराची किल्ली वहिनीकडे, आणि वहिनीच्या तोंडाचा पट्टा माझ्याकडे. गेल्या मे महिन्यात वनिता समाजच्या हॉलमध्ये आमच्याकडचं लग्न होतं. दादा आला, अक्षता टाकल्या, जेवला. तीन वाजता मी त्याला हॉलच्या दारात गाठलं. संध्याकाळी स्वागत समारंभ, सगळं घर येणार, फोटो निघणार, आणि हा हातात पिशवी घेऊन दादर स्टेशनच्या वाटेला.

"राखणदाराला सांग ना एक दिवस."

"तो बघतो. मोजत नाही," दादा म्हणाला. आणि गेला.

काकी व्हीलचेअरवर बसून हे ऐकत होती. काही बोलली नाही. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला नीट सांगता येणार नाही. अभिमान म्हणावा तर तसा नव्हता. थोडी दया होती बहुतेक, आणि थोडं 'आता कळलं?' असंही.

रोज संध्याकाळी दादाचा फोन येतो. उन्हाळ्यात सव्वासातला, थंडीत साडेसहाला. आधी तब्येत वगैरे विचारायचा, आता ते नाही. "आई, आठ." "बरं." एवढंच. बारा सेकंदांचा फोन. परवा मी तिथेच होते तेव्हा पलीकडून आवाज आला, "सात."

"आठवी?"

"दिसत नाही."

"वर बघ."

"कुठे वर?"

"झाडावर बघ, दुसरं कुठे! खालून हात पुरेल त्या फांदीवर नसेल, त्याच्या वरच्या."

बराच वेळ पानांचा आवाज, मग शिडी ओढल्याचा. दादा सदुसष्ट वर्षांचा आहे आणि त्याला उंचीचं भय आहे. काकीने फोन कानापासून काढला नाही. देवाजवळचा दिवा लावायची वेळ टळून चालली होती, मी उठले तर हाताने खाली बसवलं मला.

"सापडली," दादा म्हणाला. धापा टाकत होता.

"पाठीवरून हात फिरव. ओरडू देऊ नको, नाहीतर सगळ्या जाग्या होतील."